नीरेच्या मातीचं दप्तर

१९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने आपली ३९ वी पत्रिका छापली. विषय होता नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी. लेखक दोघे : पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, रसायनशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे. वीरपासून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर अशा कोरडवाहू मुलखात पाणी नेणाऱ्या नीरा डाव्या कालव्याला तेव्हा पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. तेवढ्यातच काळ्या रानांवर पांढरं फुटू लागलं होतं.

रसायनशास्त्राच्या पहिल्या पिढीतल्या अशा प्राध्यापकांच्या पत्रिका, प्रयोगवह्या, पृथक्करणाच्या नोंदी आणि पत्रं आज सांभाळायची का, कुठे आणि कुणासाठी? बारामती-इंदापूरकडे या प्रश्नाच्या दोन बाजू निघतात. त्या इथे मामा-भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामांचं रान इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेपटाला. भाची महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते.

मामा : जुन्या प्राध्यापकांच्या कागदांसाठी कॉलेजकडे खोली मागितलीस म्हणे. कपाटं, स्कॅनर, एक माणूस. मागितलंस ते चांगल्या मनानेच. पण माझं रान बघितलंस ना? ऊन चढलं की सरीच्या वरंब्यावर मीठ फुलतं. तिथला ऊस कमरेच्या वर जात नाही, शेंडे पिवळे. पाऊस झाला की चिखल पाय सोडत नाही, वाळलं की कुदळ उडून येते. त्या रानाला कागद काय करणार? तेवढ्या पैशात गावात जिप्समचा ट्रक येईल.

भाची : जिप्समला माझी ना नाही, मामा. पण एकरी किती टाकणार? आणि टाकल्यावर पाणी खाली जाणार का?

मामा : मृदा आरोग्य पत्रिका आहे की माझ्याकडे. सगळं लिहिलंय त्यात.

भाची : त्यात बारा गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. मातीच्या कणाला चिकटून बसलेला सोडियम त्या बारांत नाही. सामू साडेआठच्या वर गेला की चोपणाचा संशय घ्यायचा, पण जिप्समचा हिशेब संशयावर होत नाही. जमीन नुसती खारवट असेल तर चर काढून चांगल्या पाण्याने मीठ धुवून काढता येतं. चोपण झाली असेल तर कणावरची कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते. कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं. तिथे आधी जिप्सममधला कॅल्शियम द्यायचा आणि मग सुटलेला सोडियम चरातून बाहेर घालवायचा. दोन्ही रानं वरून पांढरी दिसू शकतात.

मामा : मग सोडियमही तपासून घेऊ. आता काही कमी नाही आपल्याकडे. माळेगावला २००९ पासून केंद्र सरकारची अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून बघतायत. एवढं दाराशी असताना शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या कशाला चाळायच्या?

भाची : ते यंत्र तरी शिकतं कशावर? आधीच्या नोंदींवरच. मामा, आजची प्रयोगशाळा आजची माती सांगते. तुमच्या पणजोबांच्या वेळी या रानात किती क्षार होता, विहिरीला पाणी किती हातांवर होतं, हे तिला विचारून कळणार नाही. १९१० सालची माती आता कुठूनही खणून आणता येत नाही. ती उरली असेल तर मोजणाऱ्याच्या कागदावर. आणि तुमचा खरा प्रश्न तर तोच आहे की रान किती वेगाने बिघडतंय. एका वर्षाच्या आकड्यावरून वेग काढता येत नाही.

मामा : बरं, मोजलं आणि छापलंही. पुढे काय झालं ते मी सांगतो. १९२८ ला भाटघरचं मोठं धरण पुरं झालं, पाणी वाढलं. १९३२ ला पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. वालचंदनगरला कारखाना झाला, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. ऊस वाढला, पाळ्या वाढल्या आणि पांढरी रानंही वाढली. कालव्याच्या पाण्याने जमीन खारवते हे तुझ्या साहेबांनी १९१० लाच सांगितलं होतं ना? मग त्यांचा कागद मधे कुणी आडवा घातला? ज्या कागदाने एक गुंठा वाचला नाही त्याला कपाट कशाला?

भाची : एक गुंठाही वाचला नाही असं मी म्हणणार नाही. पाटबंधारे खात्यातल्या क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ रानांसाठी निचऱ्याची कामं हाती घेतली. १९३० च्या दशकात जे. के. बसू यांनी नीरा उजव्या कालव्याखालच्या मातीचे प्रकार पाडले, कुठली माती पाणी सोसते आणि कुठली सोसत नाही ते दाखवलं. हे एकमेकांच्या कामावर उभं राहिलेलं शास्त्र आहे. पण तुमचं मुख्य म्हणणं खरं आहे. ऊस कुठे लावायचा आणि पाणी किती द्यायचं हे जिथे ठरत होतं तिथे हे कागद कधी वाचले गेले नाहीत. इंग्रजीत होते, पुण्या-मुंबईत होते.

मामा : आणि सरकारच्या कामाचे होते. कालव्यावर पैसा घातला होता, जमीन पडली की पाणीपट्टी आणि सारा बुडणार. साहेब माती तपासायला आला तो आमच्या कळवळ्याने नव्हे.

भाची : सरकारचा हेतू तोच असेल. म्हणून मोजमाप खोटं ठरत नाही. शिवाय याच मॅन यांनी पुढे काय केलं बघा. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघरी पाहणी केली आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या गावात सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. शेतकरी आळशी आहे म्हणून गरीब आहे, असं म्हणणाऱ्यांना हे तीन आकडे उत्तर होते. जमीन वाटण्यांत तुटत गेली होती आणि घर पोसत नव्हती. आता सांगा, १७७१ आणि १८१८ चे आकडे या रसायनशास्त्रज्ञाला मिळाले कुठून? पेशवाईपासूनच्या जुन्या कागदांतून. ते कुणीतरी जपले म्हणून मिळाले.

मामा : पिंपळे सौदागर म्हणजे आता पिंपरी-चिंचवडातलं? तिथे तर नुसत्या इमारती आहेत.

भाची : तेच. त्या गावाची शेती कशी होती, कुणाकडे किती बैल, कुणावर किती कर्ज, हे बघायला आता गावात जाऊन उपयोग नाही. ते पुस्तकातच उरलंय. पुढे न. वि. कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी जातेगाव बुद्रुकचीही अशीच पाहणी केली. ती १९२१ ला आली. कोरडवाहू शेतीवर पुढे नाव कमावणारे ते हेच कानिटकर.

मामा : नाव निघालंच आहे तर माझी दुसरी तक्रार ऐक. मॅनसाहेब ठाऊक, ताम्हाणे निदान कागदावर आहेत. पण कुठलं रान आधी बिघडलं, कुठल्या ओढ्याच्या कडेने पाणी वर आलं, हे साहेबाला दाखवलं कुणी? खड्डा कुणी खणला? मातीची पिशवी डोक्यावरून स्टेशनापर्यंत कुणी नेली? तुझ्या दप्तरखान्यात भिंतीवर साहेबाची तसबीर लागेल आणि वर्षाकाठी तिला हार पडेल. आमच्या माणसाचं नाव तिथे नसेल.

भाची : मॅन यांच्याही आधी, १८८९ साली, व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ विलायतेतून इथली शेती बघायला आले होते. इथला चांगला कुणबी विलायती शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच आहे, असा अभिप्राय त्यांनी सरकारला दिला. आमच्या माणसाला माहिती होती हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांनाही कळत होतं. पण नाव छापील पत्रिकेत येत नाही हे खरं. म्हणूनच मला पत्रिकेवर थांबायचं नाही. मला वह्या हव्यात. छापताना दहा रानांची सरासरी होते. वहीत मात्र तारीख असते, गाव असतं, सर्व्हे नंबर असतो, किती फुटांवरची माती ते असतं, रानात पीक कुठलं होतं आणि कुणाचं होतं तेही असतं.

मामा : आणि पुढे नुसते आकडे.

भाची : आकडे कसे आले तेही असतं, आणि कामाचं तेच आहे. त्या काळचं काम डोळ्यांपुढे आणा. माती वाळवून, कुटून, चाळून घ्यायची. वजन करून पाण्यात घालायची, खूप हलवायची, गाळायची. काळ्या चिकण मातीचं पाणी लवकर गळत नाही, चोपणाचं तर गढूळच राहतं. गाळलेलं पाणी बशीत आटवायचं. तळाशी पांढरी खपली उरते, ती तोलायची. तो एकूण क्षार. मग दुसऱ्या वाट्यात क्रोमेटचे दोन थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. पिवळं पाणी विटकरी व्हायला लागलं की थांबायचं. किती सोडलं त्यावरून क्लोराइड. सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड, पांढरा साका खाली बसतो. एका मातीला माणसाचा दिवस जायचा. असं काम करणारा काळजीपूर्वक लिहितो, खाडाखोड करतो, पाणी गढूळ राहिलं असा शेरा मारतो. पत्रिकेत तो शेरा येत नाही. पण ते रान चोपण होतं याचा पुरावा त्या शेऱ्यातच असतो.

मामा : म्हणजे तेव्हा खपली तोलत होते. आता तर यंत्राची कांडी बुडवतात आणि आकडा येतो. त्यांचा आकडा आणि आपला आकडा एकमेकांशेजारी मांडता येईल का? दोन तराजूंची मापं एकत्र केली तर हिशेब बिघडतोच.

भाची : वही नसेल तर बिघडतोच. मातीच्या किती पट पाणी घेतलं त्यावर विरघळणारा क्षार बदलतो. पाचपट पाणी घेतलं की एक आकडा, मातीची नुसती लापशी करून पाणी ओढलं की दुसरा. पद्धत ठाऊक असली तर आजची माती त्यांच्या रीतीनेही तपासता येते, आपल्या रीतीनेही, आणि दोन्हींमधला सांधा बसवता येतो. पद्धत हरवली तर शंभर वर्षांचा आकडा नुसता शोभेचा उरतो.

मामा : असं कुणी केलंय का कुठे? की तुमचं पुस्तकातलंच?

भाची : इंग्लंडात रॉथॅमस्टेडला केलंय. १८४३ पासून लॉज आणि गिल्बर्ट यांनी एकाच शेतात गव्हाचा प्रयोग लावला, तो अजून चालू आहे. गिल्बर्ट रसायनशास्त्रज्ञ. दरवर्षीचे दाणे, काड आणि वेळोवेळी घेतलेली माती त्यांनी बरणीत भरून चिठ्ठी लावून ठेवली. तिथे आज सुमारे तीन लाख नमुने आहेत. ठेवताना कुणाला माहीत नव्हतं की दीडशे वर्षांनी त्या गव्हातून रोगाच्या बुरशीचा डीएनए काढतील आणि गिरण्यांच्या धुराशी त्या रोगाचं नातं दाखवतील. डीएनए हा शब्दच तेव्हा नव्हता. आणि मॅन भारतातून परतल्यावर कितीतरी वर्षं ज्या वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर राबले, ते याच रॉथॅमस्टेडच्या देखरेखीखाली होतं.

मामा : त्यांच्याकडे जागा आहे, पैसा आहे, घडी बसलेली आहे. आपल्याकडे खातं बदलतं, साहेब बदलतो, कपाट ओसरीत येतं आणि पावसाळ्यात वाळवी लागते. पुण्याचं कृषी महाविद्यालयच बघ. आधी मुंबई विद्यापीठ, मग पुणे विद्यापीठ, मग १९६८ ला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ निघालं, ते त्याच्याकडे गेलं. घर बदलताना माणूस भांडी नेतो, चिठ्ठ्याचपाट्या टाकून जातो.

भाची : म्हणून तर नियम हवा, मामा. प्राध्यापक निवृत्त झाला की त्याच्या टेबलावरचं सगळं रद्दीत जातं, कारण काय ठेवायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. सगळं ठेवायला मी सांगत नाही. खरेदीची बिलं जाऊ देत, सभेची निमंत्रणं जाऊ देत. ज्या कागदावर जागा, तारीख, खोली आणि पद्धत आहे तो ठेवायचा. रानांचे नकाशे आणि फोटो ठेवायचे. प्राध्यापकाचा शेतकऱ्याशी, अभियंत्याशी झालेला पत्रव्यवहार ठेवायचा, कारण सल्ला दिला कधी आणि ऐकला गेला की नाही हे तिथेच कळतं. कोरडी खोली, जमिनीपासून वर ठेवलेली मांडणी, प्रत्येक पानाचा फोटो आणि गावाप्रमाणे लावलेली सूची. एवढ्याने सुरुवात होते.

मामा : गावाप्रमाणे म्हणालीस ते बरं. नाहीतर साहेबाच्या नावाने लावतात आणि आम्हाला शोधता येत नाही. पण तरी तुझं दप्तर अर्धंच आहे.

भाची : कसं?

मामा : तुझ्या वहीत माती आहे. त्या मातीत पाणी किती पडलं ते कुठे आहे? ते आमच्याकडे आहे. विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली ना, उसाला इतकं क्षेत्र, बाकी हंगामी पिकांना? तेव्हापासून पाणी अर्ज, पाणीपट्टीच्या पावत्या, पाटकऱ्याच्या नोंदी. कारखाना झाल्यावर काट्याच्या पावत्या आणि ऊसबिलं. सातबाऱ्यावरची पीकपाहणी. आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या वडिलांनी ठेवलेल्या पावत्या आहेत. कुठल्या रानातून एकरी किती टन निघाला आणि कुठल्या सालापासून उतरत गेला, ते त्यावरून पोरगंही सांगेल. तुझ्या प्राध्यापकाच्या वहीपेक्षा तो हिशेब जास्त वर्षं चाललाय.

भाची : मामा, याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पाणी किती दिलं हे एका कागदावर, क्षार किती चढला हे दुसऱ्यावर, टन किती उतरला हे तिसऱ्यावर. तिन्ही एकाच गटाचे असले तर कारण आणि परिणाम एका ओळीत येतात. मग कुणाला सांगावं लागणार नाही की एक पाळी कमी घ्या.

मामा : सांगावं लागेलच. उसाला पाणी जास्त दिलं की टन वाढतो असं अजून चार जण म्हणतात. पण स्वतःच्या बापाच्या पावत्या पुढ्यात आल्या तर माणूस ऐकून घेतो. साहेबाची पत्रिका आली तर नाही ऐकत. म्हणून माझी अट ऐक. प्राध्यापकांचे कागद ठेवायचे तर शेतकऱ्यांचे त्याच खोलीत, त्याच सूचीत. आणि त्यात काय आहे ते मराठीत, गटवार, ग्रामसभेत वाचायचं. इंग्रजीत कपाटबंद करायचं असेल तर माझी ट्रंक मिळणार नाही.

भाची : अट मान्य. पण कागदांसाठी पैसे आधी मिळाले पाहिजेत. ट्रंका फार दिवस टिकत नाहीत.

मामा : इथे मात्र माझं तुझं जमायचं नाही. आधी निचरा. पाइप टाकून चर झाला पाहिजे, धैंचा गाडला पाहिजे, चोपण सोसणारा फुले २६५ ऊस लावून बघितला पाहिजे. रान मेलं तर कागद वाचणारा कोण राहील?

भाची : आणि पाइप किती खोल टाकायचा, उतार कुठे द्यायचा, पाणी कुठल्या ओढ्यात काढायचं, हे तुम्ही कशावरून ठरवणार? एकट्याच्या रानाचा निचरा होत नाही, पाणी शेजाऱ्याच्या बांधातून येतं. सगळ्या शिवाराचं पाणी कसकसं वर आलं त्याची नोंद नसली तर पाइप चुकीच्या जागी पडतो आणि पैसा मातीत जातो.

मामा : म्हणजे निचऱ्याच्या अंदाजपत्रकातच कागदांचा खर्च धरायचा?

भाची : धरा. मोजणीचा खर्च धरतातच, तसा जुन्या मोजणीचाही.

मामा : ते मांडता येईल. पण ग्रामसभेत तू मांडायचं. पावत्या घेऊन मी येतो.

दोघांचं पूर्ण जमलं नाही आणि जमायला हवं असंही नाही. मला स्वतःला भाचीचा मुद्दा मुळातला वाटतो. मोजमाप एका दिवशी होतं, तो दिवस गेला की पुन्हा करता येत नाही, म्हणून त्याचा कागद हे त्या दिवसाचं एकमेव साधन आहे. प्रयोगवही रद्दीत घालणं म्हणजे पुढच्या संशोधकाची शंभर वर्षं हिरावून घेणं आहे. पण ३९ व्या पत्रिकेचा धडा मामांनीच नेमका सांगितला. ती खरी होती आणि वेळेवर आली होती, तरी ज्याच्या रानाबद्दल होती त्याच्या हाती पडली नाही. म्हणून बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांनी, कारखान्यांनी आणि ग्रामपंचायतींनी एवढं ठरवावं : निवृत्त होणाऱ्या रसायनशास्त्राच्या आणि कृषीच्या प्राध्यापकांच्या वह्या सूची करून घ्याव्यात, त्यांच्या शेजारी गटवार पावत्या आणि पाणी अर्ज लावावेत, आणि शिवाराच्या निचऱ्याची कुठलीही योजना मंजूर होण्याआधी त्या शिवाराचं दप्तर मराठीत गावापुढे वाचलं जावं. याला नवा कायदा लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.